मर्यादेची मुद्रा : बीड जिल्ह्यातील महसुली दफ्तर आणि संगणकावरील अधिकारांची वाटणी

१

शिवकालीन राजपत्रांवर दोन मुद्रा आढळतात. पत्राच्या शिरोभागी राजमुद्रा असते आणि मजकूर संपला की तेथे दुसरी, लहान मुद्रा उमटविलेली असते. तिच्यावरील अक्षरे ‘मर्यादेयं विराजते’ अशी आहेत. पहिली मुद्रा आज्ञा कोणाची आहे हे सांगते, दुसरी आज्ञा कोठे संपते हे सांगते. दुसऱ्या मुद्रेचे प्रयोजन अगदी व्यावहारिक होते. मजकुराखाली मोकळी जागा राहिली, तर तेथे कोणीही एखादी ओळ वाढवील आणि ती ओळदेखील राजाचीच आज्ञा ठरेल. म्हणून जेथे आज्ञा संपली तेथेच मर्यादेचा ठसा उमटविण्याची वहिवाट पडली. ‘मोर्तब’ हा शब्द आज मराठीत केवळ ‘मान्यता’ या अर्थाने रूढ झाला आहे. त्याच्या मुळाशी अरबी ‘मुरत्तब’, म्हणजे व्यवस्थित लावलेले, सिद्ध केलेले, हा शब्द आहे, आणि दफ्तराच्या व्यवहारात त्याला मजकुराच्या समाप्तीची खूण असा नेमका अर्थ होता.

हा तपशील येथे नमूद करण्याचे कारण असे, की आज कचेरीचे दफ्तर संगणकात गेले असून त्यासंबंधीचा मुख्य प्रश्न पुन्हा मर्यादेचाच आहे. कचेरीतील सॉफ्टवेअर चालविण्यास कोणास किती अधिकार द्यावा? काम अडू नये म्हणून सर्वांस सर्व अधिकार द्यावे, की ज्याचे जेवढे काम तेवढाच अधिकार द्यावा? संगणकशास्त्रात हा प्रश्न गेल्या पन्नाससाठ वर्षांतला समजला जातो. महसुली दफ्तराचा इतिहास पाहता तो त्याहून पुष्कळ जुना आहे. बीड जिल्ह्यातील जमिनीच्या नोंदींचे उदाहरण घेऊन या प्रश्नाचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

मराठी राज्यव्यवस्थेत लिहिणारा, तपासणारा आणि मोजणारा हे तिघे वेगळे असावेत हा दंडक होता. अधिकारपदांच्या नावांतच तो मुरलेला दिसतो. फडणीस हा मूळचा ‘फर्दनवीस’, म्हणजे फर्द लिहिणारा. मुजुमदार हा ‘मजमूअदार’, म्हणजे जमेचे एकत्रित हिशेब राखणारा व पाहणारा. चिटणिसाने पत्रव्यवहार सांभाळावा, पोतनिसाने रोकड सांभाळावी, कारखानिसाने कोठारातील धान्य व सामग्री पाहावी. दरकदारांच्या या परंपरेत एकाच्या हातचे काम दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याविना पुरे होत नसे.

किल्ल्यांची व्यवस्था याचे उत्तम उदाहरण होय. सभासदाच्या बखरीत गडावरील हवालदार, सबनीस आणि सरनौबत यांचा उल्लेख समान दर्जाचे अधिकारी म्हणून येतो. दरवाजे व त्यांच्या किल्ल्या हवालदाराच्या हाती, हजेरीपट व हिशेब सबनिसाच्या हाती, कोठार कारखानिसाच्या हाती. त्यांतील एक जण फितूर झाला तरी गड त्याच्या एकट्याच्या हाताने शत्रूस देता येऊ नये, अशी ही योजना होती. तीत कोणा एका माणसाविषयी संशय अभिप्रेत नाही. माणूस चांगला असो वा वाईट, एका हाताने गड जाऊ नये, एवढाच तिचा आशय आहे.

या संदर्भात ‘हवालदार’ हा शब्दही पाहण्याजोगा आहे. ‘हवाला’ म्हणजे सोपविणे. ज्याच्याकडे वस्तू सोपविली तो हवालदार. वस्तू त्याच्या ताब्यात असते, त्याच्या मालकीची नसते. ‘जिम्मा’, ‘हवाला’, ‘ताबा’, ‘वहिवाट’, ‘मालकी’ हे शब्द मराठी दफ्तरात एकमेकांच्या जागी येत नाहीत. अधिकाराच्या निरनिराळ्या प्रमाणांसाठी भाषेने निरनिराळे शब्द राखले होते.

३

बीडचा मुलूख पूर्वी अहमदनगरच्या निजामशाहीत आणि पुढे दीर्घकाळ हैदराबादच्या निजामाकडे होता. मराठी राज्य आणि निजामी राज्य यांच्या सीमा भिन्न असल्या तरी गावच्या दफ्तराची परिभाषा दोहोंकडे बव्हंशी फारसी-अरबी वळणाचीच होती. त्यामुळे वर वर्णिलेली विभागणी बीडच्या दफ्तरासही अपरिचित नव्हती. मात्र येथील इतिहास एक वेगळा धडा देतो : कामाची विभागणी असूनही अधिकार बेसुमार वाढू शकतो.

सालारजंग पहिले हे १८५३ मध्ये हैदराबादचे दिवाण झाले. तोपर्यंत वसुलीची मक्तेदारी मोठ्या प्रमाणावर चालू होती आणि ‘तालुकदार’ म्हणजे बहुधा वसुलीचा ठेका घेणारा असे. १८६५ च्या जिल्हाबंदीनंतर त्याच शब्दाचा अर्थ पालटला. जिल्ह्याचा पगारी प्रमुख अधिकारी ‘अव्वल तालुकदार’ म्हणविला जाऊ लागला. शब्द तोच राहिला, परंतु मक्तेदाराचा अमर्याद हक्क जाऊन त्याच्या जागी नेमून दिलेले काम आले. अधिकार मर्यादित झाल्याचा हा एक स्पष्ट टप्पा होय.

गावपातळीवर मात्र असे घडले नाही. माली पटेल, पोलीस पटेल आणि पटवारी यांची कामे कागदोपत्री वेगळी होती. माली पटेलाने सारा वसूल करावा, पोलीस पटेलाने बंदोबस्त पाहावा, पटवाऱ्याने दफ्तर लिहावे. पण ही पदे वंशपरंपरेची होती. दफ्तर पटवाऱ्याच्या घरी राही, त्याच्या मुलाकडे जाई आणि नातवाकडे जाई. जे सोपविलेले होते ते हळूहळू मालकीचे झाले. शेतकऱ्यास स्वतःच्या जमिनीची नोंद पाहावयाची तर ज्याच्या घरी दफ्तर त्याच्या दारी जावे लागे. त्यातून येणारी सत्ता कोणत्याही सनदेत लिहिलेली नव्हती. मुदत नसलेला अधिकार असाच वाढत जातो, आणि कोणी तो मुद्दाम वाढवावा लागत नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि त्याच सुमारास, १३५८ फसलीच्या विनियमाने, जमिनीच्या हक्कनोंदणीची पद्धत या भागात आली. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्येच झाला होता. मराठवाडा या बाबतीत जवळजवळ अर्धे शतक मागे होता. १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक आजही जमिनीच्या वादांत पुरावा म्हणून दाखल होते, ते याच संक्रमणकाळातील होय. पुढे १९६२ च्या महाराष्ट्र अधिनियमाने मुलकी पाटलाचे पदच संपले. पटवाऱ्याच्या जागी बदलीपात्र, पगारी तलाठी आला. बीडच्या ग्रामीण बोलीत ‘पटवारी’ हा शब्द त्यानंतरही टिकला, परंतु पदाचा वारसा टिकला नाही. बदली झाली की दफ्तराची यादी करून पुढच्या माणसास ‘चार्ज’ द्यावा लागे. या साध्या कृतीने अधिकार व्यक्तीपासून सुटला आणि पदाशी बांधला गेला.

४

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा असून १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आहे. त्यातील कलम १५० मध्ये फेरफाराची जी रीत सांगितली आहे, ती अधिकारविभागणीचा नमुना म्हणून वाचण्याजोगी आहे. हक्क संपादनाची वर्दी आली की तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद करतो. त्याच वेळी त्या नोंदीची पूर्ण प्रत चावडीवर लावावी लागते आणि हितसंबंधितांस लेखी सूचना द्यावी लागते. हरकतीसाठी मुदत असते. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जाते. यानंतर नोंद तपासून प्रमाणित करण्याचे काम तलाठ्याकडे नाही. ते अव्वल कारकुनाहून कमी दर्जा नसलेल्या महसूल अधिकाऱ्याने करावयाचे असते, आणि वाद नसेल तेथे ते मंडळ अधिकाऱ्यास करता येते. लेखनातील चूक दुरुस्त करावयाची तर कलम १५५ चा वेगळा मार्ग आहे. सारांश, जो लिहितो तो प्रमाणित करीत नाही, आणि जो प्रमाणित करतो तो स्वतः लिहीत नाही.

या काळजीचे कारण कलम १५७ मध्ये आहे. प्रमाणित झालेली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. अर्थात खोटी नोंद एकदा प्रमाणित झाली, की ती खोटी असल्याचे सिद्ध करण्याचा भार ज्याचे नुकसान झाले त्याच्यावरच पडतो.

बीड जिल्ह्यात या गोष्टीस विशेष धार आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज अशा कमी पावसाच्या तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास फार मोठ्या संख्येने ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात आणि हंगाम संपल्यावर वसंत ऋतूत परततात. पाच-सहा महिने घरी बहुधा म्हातारी माणसे राहतात. या काळात चावडीवर लागलेली नोटीस वाचावयास मालक गावात नसतो. हरकतीची मुदत तो उसाच्या फडात असतानाच निघून जाते. कायद्याने लोकांच्या नजरेवर जो भरवसा ठेवला आहे, तो अशा गावी सहा महिने लंगडा पडतो. तेव्हा त्या शेतकऱ्याच्या दोन-तीन एकरांचे रक्षण कचेरीच्या आतील विभागणीनेच व्हावयाचे. ती विभागणी ढिली झाली तर त्याला ते कळण्याचाही मार्ग नसतो.

५

आता संगणकाकडे वळावयास हरकत नाही. अनेक माणसे एकच यंत्र वाटून वापरू लागली तेव्हा संगणकावर अधिकारांचा प्रश्न प्रथम उभा राहिला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६० नंतरच्या दशकात ‘मल्टिक्स’ ही प्रणाली हाती घेण्यात आली, तीत हा विचार पद्धतशीरपणे झाला. तेथील जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये एका निबंधात संगणकातील माहितीच्या संरक्षणाची आठ तत्त्वे मांडली. त्यांपैकी दोन येथे प्रस्तुत आहेत. पहिले असे, की प्रत्येक वापरकर्त्यास आणि प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या कामास पुरेल इतकाच किमान अधिकार असावा. दुसरे असे, की जेथे शक्य असेल तेथे एका किल्लीऐवजी दोन किल्ल्यांनी कुलूप उघडावे. गडावरील तिघा अधिकाऱ्यांची योजना ज्यास ठाऊक आहे, त्यास ही तत्त्वे परकी वाटणार नाहीत.

तत्त्व मान्य झाले तरी व्यवहार वेगळ्याच वाटेने गेला. घराघरांत व कचेऱ्यांत जो वैयक्तिक संगणक पोचला, तो एकाच माणसाने वापरावयाचा अशा कल्पनेने घडला होता. ‘डॉस’ आणि पुढे ‘विंडोज ९५’ व ‘९८’ यांत वापरकर्ता आणि व्यवस्थापक असा खरा भेदच नव्हता. १९९३ मध्ये ‘विंडोज एनटी’मध्ये तो भेद आला आणि २००१ मध्ये ‘विंडोज एक्सपी’बरोबर तो सामान्य संगणकांवर पोचला. परंतु यंत्र प्रथम मांडताना जी खाती उघडली जात, ती सर्वसाधारणपणे ॲडमिनिस्ट्रेटरचीच असत. त्या काळच्या प्रोग्रॅमकारांनी हेच गृहीत धरले. हिशेबाचा प्रोग्रॅम असो वा छपाईचा, तो आपली टिपणे वापरकर्त्याच्या खणात न ठेवता थेट स्वतःच्या मूळ फोल्डरात किंवा यंत्राच्या सामाईक रजिस्ट्रीत लिही. सामान्य खात्यातून चालविला की तेथे लिहिण्यास मनाई होई आणि काम अडे. मग कोणीतरी सल्ला देई, ‘यांना ॲडमिन करा’, आणि काम चालू होई. २००७ मध्ये आलेल्या ‘विंडोज व्हिस्टा’ने मोठा बदल करण्यापूर्वी संमती विचारण्याची रीत घातली. लोकांना तिचा प्रथम त्रासच वाटला. हळूहळू मात्र प्रोग्रॅम मर्यादेत राहावयास शिकले.

बेसुमार अधिकार दिले जातात ते बहुधा असे, दुपारी रांग खोळंबली असताना, काम पुढे सरकावे म्हणून. नंतर ते काढून घेण्याची आठवण कोणास राहत नाही. पटवाऱ्याच्या घरी दफ्तर राहिले ते याच न्यायाने.

यावरील उपाय गूढ नाही. प्रथम, अडलेला प्रोग्रॅम नेमका कोठे अडतो हे पाहावे. बहुतेक वेळा त्याला एखाद्याच फोल्डरात लिहावयाचे असते. तेवढ्या फोल्डरावर त्या गटास लिहिण्याची परवानगी दिली की काम भागते, सबंध यंत्र मोकळे करावे लागत नाही. दुसरे, नवे सॉफ्टवेअर बसविण्याचे खाते आणि रोजच्या कामाचे खाते वेगळे असावे, आणि तांत्रिक जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्यानेही रोजचे काम सामान्य खात्यातूनच करावे. स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हर बसविण्यास एकदा व्यवस्थापकाचा अधिकार लागतो, परंतु त्यानंतर रोज स्वाक्षरी करण्यास तो लागत नाही. तिसरे, सॉफ्टवेअर ज्या खात्याने माहितीसाठ्याशी जोडले जाते, त्या खात्यासही मालकाचा हक्क नसावा, वाचणे आणि ठराविक ठिकाणी लिहिणे एवढेच त्यास पुरे. चौथे, वाढीव अधिकार क्वचित लागलाच तर तो मुदतीने द्यावा आणि त्याची नोंद राहावी.

यातील मर्म ‘मुखत्यार’ या शब्दाने चांगले उलगडते. ‘अखत्यार’ आणि ‘मुखत्यार’ हे एकाच अरबी धातूचे शब्द आहेत, निवड करण्याचे स्वातंत्र्य हा त्यांचा मूळ अर्थ. मराठी व्यवहारात खास मुखत्यारपत्र आणि कुलमुखत्यारपत्र यांत भेद केला जातो. पहिले एका कामापुरते असते, दुसऱ्याने सर्वच व्यवहारांची मोकळीक मिळते. संगणकावरील प्रत्येक प्रोग्रॅम हा तो चालविणाऱ्याचा मुखत्यार असतो आणि धन्याचा जेवढा अधिकार तेवढा त्यास मिळतो. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून बसलेला कारकून जो प्रोग्रॅम उघडील, ई-मेलने आलेली जी फाईल चालवील, तिला तो न कळत कुलमुखत्यारपत्रच लिहून देत असतो. कारकून प्रामाणिक असतो, फाईल प्रामाणिक असतेच असे नाही. ऊसतोडीस जाणारा शेतकरी एका खटल्यासाठी वकिलास पत्र लिहून देईल, पण जमीन विकण्याच्या अधिकारासह कुलमुखत्यारपत्र कोणास देताना तो दहादा विचार करील. कचेरीच्या यंत्रावर मात्र तेच पत्र दिवसातून कित्येकदा दिले जाते.

६

महाराष्ट्रातील ई-फेरफार प्रणालीत जुन्या कायद्याची विभागणी संगणकात उतरविलेली दिसते. तलाठी आपल्या सजाच्या गावांपुरतीच नोंद घेऊ शकतो. मंडळ अधिकारी मुदतीनंतर ती आपल्या अंकीय स्वाक्षरीने प्रमाणित करतो आणि त्यानंतरच फेरफाराचा अंमल सातबाऱ्यावर होतो. तालुक्यातील एका नायब तहसीलदाराकडे ‘डीबीए’ म्हणून वापरकर्त्यांची खाती उघडण्याचे व त्यांस गावे नेमून देण्याचे काम असते. खाती उघडणारा फेरफार लिहीत नाही. हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा यांत ताळमेळ बसावा यासाठी २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन झाले, आणि १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा लोकांस मिळू लागला.

याहून बोलके उदाहरण ई-पीक पाहणीचे आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्यास स्वतःच्या मोबाईलवरून आपले पीक नोंदविण्याची सोय झाली. ज्या दफ्तरास पूर्वी त्याला हातही लावता येत नसे, त्यात आता तो लिहितो. पण लिहितो ते केवळ स्वतःच्या गटाचे पीक, म्हणजे गाव नमुना बाराचा भाग. नमुना सातातील मालकीच्या नोंदीस त्याचा स्पर्श होत नाही आणि नोंदीची पडताळणी महसूल यंत्रणेकडे राहते. अधिकार मोजून दिला म्हणजे तो निर्धास्तपणे अधिक लोकांस देता येतो, हे यावरून स्पष्ट व्हावे. मर्यादा ही नेहमी अडवणूकच असते असे नाही.

प्रणाली कितीही नीट बांधली तरी तिच्या बाहेरच्या दोन जागा उरतात. एक, ज्या संगणकावर ती उघडली जाते त्या संगणकावरील खाते. दोन, ज्या टोकनमध्ये स्वाक्षरीची किल्ली आहे ते टोकन. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ ने आपली खाजगी किल्ली स्वतःच्या ताब्यात राखण्याची जबाबदारी धारकावर टाकली आहे. टोकन टेबलाच्या खणात राहिले आणि त्याचा संकेतशब्द मदतनिसास ठाऊक झाला, तर कलम १५० ने वेगळे केलेले दोन हात पुन्हा एक होतात. तसेच बदली झालेल्या माणसाचे खाते त्याच दिवशी बंद झाले नाही, तर वंशपरंपरेचा जुना दोष नव्या रूपात परत येतो. दफ्तराच्या ‘चार्ज’ यादीत आता खाती, टोकने आणि संकेतशब्द यांचीही नोंद हवी.

७

शेवटी एका शब्दाविषयी. तलाठ्याचे पदनाम अलीकडे ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे झाले आहे. पदनामे बदलतात, तशी परिभाषाही बदलते. तीत कचेरीच्या बोलीत ‘ॲडमिन’ हा शब्द सर्वत्र शिरला आहे. शब्द परका आहे ही तक्रार नव्हे, फडणीस, मुजुमदार, हवालदार हे शब्दही एके काळी परकेच होते. अडचण अशी, की त्या शब्दांनी अधिकाराचे प्रकार वेगळे केले आणि ‘ॲडमिन’ने ते सगळे एका पोत्यात भरले. खाते उघडणारा, सॉफ्टवेअर बसविणारा, नोंद लिहिणारा, प्रमाणित करणारा, बॅकअप राखणारा, या सर्वांस एकच शब्द लागू लागला, की पाचही अधिकार एकाच माणसास देण्यात कोणास वावगे वाटत नाही. जेथे भाषा भेद करीत नाही, तेथे व्यवहारही तो सहसा करीत नाही.

यास्तव, कचेरीत कोणी ‘मला ॲडमिनचा हक्क हवा’ असे म्हटले, तर ‘कशाचा, किती आणि केव्हापर्यंत’ हे तीन प्रश्न विचारण्याची रीत पडणे अगत्याचे आहे. विभागणी, प्रमाण आणि मुदत ही तीन अंगे गडांच्या, पटवाऱ्यांच्या आणि फेरफाराच्या इतिहासातून एकामागून एक सिद्ध झाली आहेत. त्यांपैकी एक जरी सुटले, तरी उरलेली दोन पुरी पडत नाहीत. बीडचा ऊसतोड कामगार हंगाम संपवून गावी परतेल, तेव्हा त्याने सातबाऱ्याचा उतारा काढावा आणि तो गेला तेव्हा जसा होता तसाच त्यास मिळावा, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप आहे.